मासेमारी नौकेवरील व्हीएचएफ रेडिओ संच व अँटेना यांची उभारणी : तत्त्वे आणि दक्षता

प्रस्तावना

डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळाच्या वेळी केरळ व तमिळनाडूतील अनेक मासेमारी नौकांनी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड बंदरात आश्रय घेतला. खोल समुद्रात गेलेल्या नौकांशी संपर्क साधणे किती कठीण असते, याची जाणीव या वादळाने करून दिली. भ्रमणध्वनीची कक्षा किनाऱ्यापासून काही अंतरावर संपते. त्यापुढे परस्परसंपर्कासाठी व्हीएचएफ द्विमार्गी रेडिओ हे महत्त्वाचे साधन ठरते. तथापि, संच खरेदी केला म्हणजे संपर्काची हमी मिळाली, असे नव्हे. संचाची उपयुक्तता त्याच्या उभारणीवर अवलंबून असते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे. उभारणीपूर्वी केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाच्या नियमांची पूर्तता करणे अर्थातच आवश्यक आहे.

अँटेनाची उंची

संकटसंदेशासाठी राखून ठेवलेल्या १६ क्रमांकाच्या चॅनेलची वारंवारिता १५६.८ मेगाहर्ट्झ असून तरंगलांबी सुमारे १.९ मीटर आहे. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वीच्या वक्रतेमुळे त्यांच्या पल्ल्यास मर्यादा पडते. दोन्ही अँटेनांच्या मीटरमधील उंचीची वर्गमुळे काढून त्यांच्या बेरजेस ४.१२ ने गुणल्यास हा पल्ला स्थूलमानाने किलोमीटरमध्ये मिळतो. दोन नौकांवरील अँटेना प्रत्येकी ४ मीटर उंचीवर असल्यास पल्ला सुमारे १६ किलोमीटर भरतो. ९ मीटर उंचीवर असल्यास तो सुमारे २५ किलोमीटर होतो. संचाची शक्ती वाढवून क्षितिजापलीकडची ही मर्यादा ओलांडता येत नाही. म्हणून अँटेना डोलकाठीच्या शेंड्याजवळ, उभी आणि लोखंडी तारा व खांबांपासून शक्य तितकी दूर बसवावी.

अधिक डेसिबलची अँटेना नेहमीच श्रेयस्कर, हा समजही तपासून पाहावा लागतो. अशी अँटेना लहरी चपट्या पट्ट्यात एकवटते. लहान नौका लाटांवर हेलकावे घेऊ लागली की हा पट्टा कधी आकाशाकडे, तर कधी पाण्याकडे वळतो. त्यामुळे लहान नौकेस ३ डेसिबलची अँटेना अधिक अनुरूप ठरते.

केबल आणि जोड

संच व अँटेना यांना जोडणारी कोअ‍ॅक्सियल केबल ५० ओहमची असावी. १० मीटर लांबीच्या बारीक आरजी-५८ केबलमध्ये सुमारे २ डेसिबल शक्तीचा ऱ्हास होतो. म्हणजे २५ वॅटपैकी सुमारे १६ वॅटच अँटेनापर्यंत पोहोचतात. जाड आरजी-२१३ केबलमध्ये हा ऱ्हास निम्म्याहूनही कमी असतो. खारे पाणी जोडातून आत शिरल्यास तांब्याची जाळी काळवंडते व केबल हळूहळू निकामी होते. यास्तव प्रत्येक बाह्य जोड जलरोधक रबरी पट्टीने गुंडाळावा. उभारणी झाल्यावर एसडब्ल्यूआर मापकाने तपासणी करावी. मापन १.५ असल्यास केवळ ४ टक्के शक्ती परत फिरते, तर ३ असल्यास २५ टक्के. अँटेना जोडल्याविना प्रक्षेपण करणे संचास घातक ठरू शकते.

वीजपुरवठा

२५ वॅट प्रक्षेपणाच्या वेळी संच १२ व्होल्टच्या बॅटरीतून साधारणतः ५ ते ६ अँपिअर प्रवाह घेतो. बॅटरी ५ मीटर अंतरावर असून तार १.५ चौरस मिलिमीटर जाडीची असल्यास सुमारे ०.७ व्होल्टची घट होते. ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत ती पाव व्होल्टच्या आसपास राहते. फ्यूज बॅटरीनजीक बसवावा. इंजिनकक्षात पाणी शिरल्यास तेथील बॅटरी प्रथम बंद पडते आणि मदतीची हाक देण्याची गरज नेमकी त्याच वेळी असते. म्हणून संचासाठी स्वतंत्र बॅटरी केबिनमध्ये उंचावर ठेवणे इष्ट होय. संचाच्या ध्वनिवर्धकातील चुंबकाचा परिणाम होकायंत्रावर होऊ नये, इतके अंतर दोहोंत राखावे.

समारोप

उंच अँटेना, योग्य केबल, कोरडे जोड आणि सुरक्षित बॅटरी यांवर होणारा खर्च संचाच्या किमतीच्या तुलनेत अल्प असतो. पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर असताना या चारही बाबींची तपासणी व्हावी. हंगाम सुरू झाल्यावर १६ क्रमांकाचे चॅनेल न अडवता, अन्य चॅनेलवर १ वॅट शक्तीने चाचणी घ्यावी. तांडेलाबरोबरच प्रत्येक खलाशास संच हाताळता आला पाहिजे. कारण संकटसमयी संचापाशी कोण असेल, हे आधी ठरवता येत नाही.