कण्याची गोष्ट (लेखांक ६) : मेजरची चप्पल

केनवड फाट्यावरच्या हॉटेलात मेजर कधी बाकड्यावर बसत नाहीत. खांबाला टेकून उभ्यानेच चहा पितात आणि उभ्यानेच पैसे देतात. आपल्याकडे फौजेतून आलेला माणूस गावाला मेजरच असतो. हे निवृत्त झाले ते हवालदार म्हणून, आणि नोकरीची बरीच वर्षं त्यांनी लष्कराचा ट्रक चालवला. मागच्या महिन्यात कापडदुकानाच्या पिशवीतून तीन एक्स-रे काढून त्यांनी माझ्यापुढे धरले. "भाऊ, तुम्ही कण्यावर लिहून राह्यले ना? पाहा बरं. तिघाही डॉक्टरांनी एकच सांगतलं. मणक्यात गॅप आहे म्हणे."

मी डॉक्टर नाही, हे मी दर लेखांकात सांगतो. पण 'गॅप' या शब्दानं आपल्या जिल्ह्यात जितका घोळ घातलाय तितका दुसऱ्या कुठल्या वैद्यकीय शब्दानं घातला नसेल.

दोन मणक्यांच्या मधे एक गादी असते. एक्स-रेत हाड उमटतं, गादी उमटत नाही. तिच्या जागी मोकळी फट दिसते. वय वाढलं, ओझी उचलली, की गादीतलं पाणी कमी होतं, ती बसते आणि फट अरुंद होते. डॉक्टर म्हणतात, "गॅप कमी झालाय." पेशंट ऐकतो, "गॅप आलाय." घरी पोचेपर्यंत मणके एकमेकांपासून सुटलेले असतात, आणि ते पुन्हा जोडायला पट्टा, मालिश, कुणा जाणकाराकडून कंबर ओढून 'बसवणं' सुरू होतं. म्हणजे झालेलं असतं एक आणि इलाज चालतो त्याच्या अगदी उलट गोष्टीवर.

बरं, फट अरुंद झाली हे तरी निदान आहे का? कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. विशीतल्या धडधाकट माणसांपैकी ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या होत्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या. साठीच्या माणसाच्या फिल्मवर झीज दिसणारच, जसे डोक्यावर पांढरे केस दिसतात. दुखतंय ते त्या झिजेमुळेच का, हे फिल्म सांगत नाही. ते सांगायला माणसाला पलंगावर झोपवावं लागतं, पाय उचलून बघावा लागतो, आणि त्याआधी त्याला बोलू द्यावं लागतं.

कारण दुखण्याच्या तऱ्हा वेगळ्या असतात. बसल्यावर, वाकल्यावर, शिंकल्यावर कळ मांडीतून पोटरीत उतरत असेल तर गादीचा तुकडा नसेवर आला असण्याचा संशय घ्यायचा. उलट, पन्नास पावलं चाललं की पाय भरून येतात, पण पुढे वाकलं, बसलं की मोकळं वाटतं, सायकल तर खुशाल चालवता येते, असं असेल तर मज्जारज्जूच्या खालच्या नसांची वाट अरुंद झालेली असू शकते. पंचविशीतला पोरगा पहाटे ताठून उठतो आणि हिंडल्या-फिरल्यावर सुटा होतो, तर तो सांध्यांच्या सुजेचा वेगळाच आजार असू शकतो. तो ओळखायला वर्षानुवर्षं जातात आणि तोवर पोरगा कामचुकार ठरतो. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, बारीक ताप, उतरतं वजन असेल तर मणक्याच्या टीबीचा संशय घ्यायचा. त्यावर पुढच्या आठवड्यात पूर्ण लेख आहे. आणि लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली, तर ओळख-बिळख राहू द्या, त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

मेजर बाकड्यावर का बसत नाहीत, हे आता वाचकांच्या ध्यानात आलं असेल. माझ्या मात्र तेव्हा आलं नाही. ते आलं अकोल्यातल्या एका तरुण डॉक्टरच्या. त्यानं एक्स-रे बाजूला ठेवले आणि मेजरना टाचांवर चालायला सांगितलं. उजवा पंजा उचलला जाईना. मग अंगठ्यावर स्वतःचं बोट ठेवून तो म्हणाला, "काका, वर उचला." डावा अंगठा बोट ढकलून वर आला, उजवा तिथंच राहिला. "चालताना चप्पल निसटते का?" मेजर दचकले. वर्षभर उजवी चप्पल निसटत होती आणि त्यांनी दोनदा चप्पल बदलली होती.

पंजा आणि अंगठा उचलणाऱ्या स्नायूंना हुकूम देणारी मुख्य नस कमरेच्या पाचव्या मणक्याची. एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या गादीनं तीच दाबलेली निघाली. तीन एक्स-रे झाले, गोळ्यांच्या पट्ट्या किती झाल्या देव जाणे. पण तोवर मोजे काढायला कुणी सांगितलं नव्हतं.

इथवरची गोष्ट कुणाही शेतकऱ्याची असू शकते. फौजी माणसाची ती वेगळी होते ती त्याच्या स्वतःच्या तोंडामुळे. मेजरना पहिली कळ आली होती नोकरीत असताना, ट्रकमधून रसदीच्या पेट्या उतरवताना. एमआय रूममध्ये, म्हणजे तुकडीच्या दवाखान्यात, गोळ्या मिळाल्या, पीटीतून सूट मिळाली. मग त्यांनी जाणं बंद केलं. लष्करात तब्येतीची प्रत 'शेप' (SHAPE) या पाच इंग्रजी अक्षरांत लावतात. सगळं ठाकठीक असलं की 'शेप-वन'. श्रेणी उतरली की बढतीचं अवघड होतं, आणि 'सिक रिपोर्ट'वाल्याकडे तुकडीत कसं बघतात ते वेगळंच. निवृत्तीच्या तपासणीत विचारलं, "कोई तकलीफ?" हे म्हणाले, "नहीं साब." सही केली आणि घरी आले.

त्या दोन शब्दांची किंमत पेन्शनच्या नियमात आहे. अपंगत्व पेन्शनसाठी दुखणं सेवेमुळे झालेलं किंवा सेवेनं वाढलेलं असावं लागतं आणि ते साधारणपणे किमान २० टक्के ठरावं लागतं. यात जवानाच्या बाजूचा मोठा निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, जुलै २०१३ मधला, धरमवीर सिंग यांचा. ते सिग्नल्समध्ये होते आणि आजार फेफऱ्याचा होता, पाठीचा नव्हे. न्यायालयानं सांगितलं ते असं : भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेतच जडला असं धरायचं, तसं नाही हे सरकारनं सिद्ध करायचं. २१ सप्टेंबर २०२३ नंतर सेवा संपलेल्यांना नवे नियम लागू आहेत. जुन्यांचं जुन्यातच चालतं. उशिरा दाद मागितली तरी दार बंद होत नाही, पण थकबाकी सहसा मागच्या तीनच वर्षांची मिळते. मात्र यातला कुठलाही निकाल 'नहीं साब' पुसून टाकत नाही. मेजरचं प्रकरण म्हणूनच अवघड आहे, आणि मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलंय.

अमेरिकेत निवृत्त सैनिकाची कंबर किती अंशांत वाकते ते कोनमापकानं मोजतात. तीस अंशांपुढे वाकत नसेल तर ४० टक्के, असा तक्ताच आहे. त्यातही लोक वर्षानुवर्षं भांडतातच. पण निदान वाकून दाखवायला सांगतात.

आपल्याकडे गोळीनं जायबंदी झालेल्या कण्याची दखल घेतली गेली. खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे. त्याआधी दोन वर्षं, १९६५ च्या युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहून सुवर्णपदक घेऊन आले होते. पेटकरांवर निघाला तसा ट्रकच्या सीटवर गाद्या झिजवलेल्यांवर सिनेमा निघत नाही, निघायचं कारणही नाही. त्यांना लागतो तो रेफरलचा कागद.

तो कागद ईसीएचएसचा. माजी सैनिकांची ही आरोग्ययोजना १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. आधी पॉलिक्लिनिक, तिथला डॉक्टर लिहून देईल तर यादीतलं रुग्णालय, अशी तिची चाल. केनवडच्या माणसाला म्हणजे मालेगाव, मेडशी, पातूरचा घाट, अकोला. नस दबलेल्या माणसानं एसटीच्या मागच्या सीटवर तो घाट उतरून बघावा. तातडीच्या वेळी मात्र रेफरल लागत नाही. थेट दाखल व्हायचं आणि ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवायचं. हे मेजरना ठाऊक नव्हतं.

त्यांनी रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाकून आपली वैद्यकीय कागदपत्रं मागवली होती. गेल्या मंगळवारी लिफाफा आला. फाट्यावर, उभ्यानेच, आम्ही एकेक झेरॉक्स उलटत गेलो. दात, लस, मलेरिया. मग एका पानावर पुसट शाईत एमआय रूमची नोंद सापडली : कंबरदुखी, तीन दिवस हलकं काम. खाली तारीख आणि डॉक्टरची सही. मेजरनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि हॉटेलवाल्या पोराला हाक मारली, "बाप्पू, या कागदाची आजून एक झेरॉक्स मारून आण बरं. दोनच आण."

(पुढील आठवड्यात : मणक्याचा टीबी)