दाढ माझी, पथ्य घराचं

‘‘दाढच तर काढायचीय, त्यात काय मोठंसं? दुपारी घरी येऊन संध्याकाळचा स्वयंपाक करीन की मी!’’

हे वाक्य माझंच. खालची अक्कलदाढ काढायला निघताना मी ते सासूबाईंना मोठ्या ऐटीत ऐकवलं होतं. बचत गटातल्या बायकांना ‘स्वत:च्या तब्येतीकडे बघा गं’ असं प्रत्येक बैठकीत सांगणारी मी. पण स्वत:वर वेळ आली तेव्हा माझंच शहाणपण दाढेबरोबर निघून गेलं!

दाढ हाडात आडवी रुतली होती. हिरडी कापून, दाढेचे दोन तुकडे करून ती बाहेर काढावी लागली. टाके पडले. डॉक्टरीणबाईंनी जखमेवर गॉजचा बोळा ठेवून दात घट्ट मिटायला सांगितलं आणि हातात एक छापील कागद दिला. अर्धा गाल बधिर, त्यामुळे दुखत काहीच नव्हतं. कागद पर्समध्ये गेला तो तिथेच राहिला.

घरी आल्यावर तोंडात सारखी रक्ताची चव. ती जावी म्हणून मी बेसिनपाशी उभी राहून थुंकत होते, खळखळून चुळा भरत होते. संध्याकाळी पाणी आलं. वसई-विरारमध्ये राहणाऱ्या बायकांना पाण्याची वेळ चुकवणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. वाकून बादल्या उचलल्या, पिंप भरलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ह्यांचा डबा, कारण विरार लोकल काही माझ्या दाढेसाठी थांबणार नव्हती. ह्यांनाही काळजी होतीच हो! संध्याकाळी येताना आठवणीने शहाळं घेऊन आले, स्ट्रॉसकट. मी ते कौतुकाने ओढून प्यायले.

तिसऱ्या रात्री कळ सुरू झाली. जबड्यातून थेट कानात. गोळी दाद देईना, तोंडाला घाण वास यायला लागला. दोन बाळंतपणं काढलेली मी, पण त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडले. सकाळी डॉक्टरीणबाईंनी तोंडात पाहिलं आणि विचारलं, ‘‘ताई, खड्डा रिकामा झालाय. चुळा भरल्या होत्या का?’’

मग त्यांनी जे समजावलं ते सगळ्यांनी ऐकण्यासारखं आहे. दाढ निघाली की त्या खड्ड्यात रक्त साकळतं आणि त्याची गुठळी बनते. गुडघा फुटल्यावर खपली धरते ना, तसंच हे. ही गुठळी खालचं हाड आणि नसा झाकून ठेवते. ती निघाली किंवा विरघळली की हाड उघडं पडतं. याला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. हे दुखणं बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात उद्भवतं. खालच्या अक्कलदाढेच्या बाबतीत त्याचा धोका जास्त. तंबाखू, सिगारेट असेल तर आणखी जास्त. गर्भनिरोधक गोळ्या चालू असलेल्या बायकांनाही हा धोका वाढतो. माझा खड्डा धुऊन त्यात लवंगेच्या तेलाचा अंश असलेलं औषध भरलं. ते दोनदा बदलावं लागलं, तेव्हा कुठे झोप लागली.

घरी येऊन पर्समधला कागद काढला. चुळा, थुंकणं, बादल्या, स्ट्रॉ, माझी एकेक चूक त्यात आधीच छापलेली होती! कागद इंग्रजीत होता. मला वाचता येत होता, पण मी वाचला नाही. आमच्या गटातल्या कितीतरी जणींना तो मिळाला तरी वाचताच येणार नाही. म्हणून डॉक्टरीणबाईंच्या मदतीने तो साध्या मराठीत लिहून काढला आणि पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचला.

गॉजचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरायचा. त्या वेळात बोलायचं नाही. थुंकी गिळायची. लाळेत थोडं रक्त मिसळलं तरी ते खूप वाटतं, घाबरायचं नाही. पहिले चोवीस तास चूळ नाही, स्ट्रॉ नाही, वाकून जड उचलणं नाही. बर्फ रुमालात गुंडाळून गालाला बाहेरून दहा-पंधरा मिनिटं लावायचा, मग तेवढाच वेळ थांबायचं. पहिल्या दिवशी गरम शेक देऊ नये. झोपताना दोन उशा घ्याव्यात. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त दिसते आणि मग उतरते.

चोवीस तासांनंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर तोंड धुवायचं. पाणी तोंडात हलकेच फिरवायचं आणि आपोआप बाहेर पडू द्यायचं. बाकीचे दात मऊ ब्रशने घासायचे, जखमेपासून दूर राहून.

खाण्याचं काय? बधिरपणा उतरेपर्यंत काहीच नको, नाहीतर आपलाच ओठ चावला जातो. नंतर गार किंवा कोमट असं मऊ अन्न. दही-भात, सैल मुगाची खिचडी, नाचणीची आंबील, कुस्करलेलं केळं. केळ्यांना तर आमच्या वसईत तोटा नाही. शहाळ्याचं पाणी जरूर प्यावं, पण पेल्यात ओतून! तिखट, चिवडा, पापड आठवडाभर लांब. दुखण्याची गोळी काहीतरी खाऊनच घ्यावी. घरातली ॲस्पिरिन घेऊ नये, रक्तस्राव वाढतो.

वाचून झालं तेव्हा मागे बसलेल्या एका मावशींनी विचारलं, ‘‘ताई, मिश्री लावली तर चालंल ना? मी तर लावते. बधिर होतं, बरं वाटतं.’’ त्यांची दाढ काढून महिना झाला होता आणि जखम अजून भरली नव्हती. मिश्री म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूच. ‘सोडा’ म्हटल्यावर म्हणाल्या, ‘‘मग सकाळी पोट कसं साफ होणार?’’

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन गेले. जखमेशेजारी पांढरा चट्टा निघाला. तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस त्यांनी आणि मी कसे काढले ते आमचं आम्हालाच ठाऊक. सुदैवाने कॅन्सर नव्हता. पण मिश्री बंद आणि दर तीन महिन्यांनी तपासणी, हे पक्कं झालं. आता सकाळी त्या कोमट पाणी पितात आणि मला दोन शिव्या घालतात!

एक गोष्ट मात्र मनाला लागली. या दुखण्यात घरी करायची काळजी म्हणजे मुख्यत: काही *न* करणं. चूळ न भरणं, ओझं न उचलणं, जखमेला लवंग, हळद, तुरटी, मिश्री न लावणं. आणि नेमकं ‘काही न करणं’च आम्हा बायकांना जमत नाही. ते जमायचं तर बादली दुसऱ्या कुणीतरी उचलायला हवी. म्हणून तो मराठी कागद आता आमच्या फ्रिजवर चिकटवलाय. नंतर सासूबाईंची दाढ काढली तेव्हा पाणी ह्यांनी भरलं, खिचडी मुलाने लावली. थोडी करपली, पण सासूबाईंचं दुखणं चार दिवसांत आटोपलं.

हे लक्षात असू द्या

* दाढ काढण्याआधीच डॉक्टरांना सांगा : मधुमेह, रक्तदाब, गरोदरपण, रक्त पातळ करणारी किंवा हाडांच्या ठिसूळपणावरची औषधं. ती आपल्या मनाने बंद करू नका.
* स्वच्छ गॉज अर्धा तास दाबूनही रक्त थांबत नाही, ताप येतो, तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढते, ओठ दुसऱ्या दिवशीही बधिर राहतो, तर डॉक्टरांकडे जा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर ताबडतोब रुग्णालय गाठा.
* तोंडातली जखम किंवा लाल-पांढरा चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर तपासून घ्याच.
* खासगी खर्च झेपत नसेल तर मुंबई सेंट्रलचं पालिकेचं नायर दंत रुग्णालय आणि सीएसएमटीजवळचं सरकारी दंत महाविद्यालय आहे. जाताना सोबत कुणाला तरी न्या. परतीच्या लोकलमध्ये तोंडात बोळा असताना भांडून जागा मिळवता येत नाही!