रीकन्स्ट्रक्ट म्हणजे काय? अर्थ, वापर आणि सिन्नरच्या गोंदेश्वराचे उदाहरण

सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराचा फोटो कोणी टाकला की खाली एखादी कमेंट हमखास येते: ‘हे मंदिर रीकन्स्ट्रक्ट करायला हवे.’ भावना चांगली असते, पण शब्द बहुतेक वेळा चुकलेला असतो. चला, हा शब्द नीट समजून घेऊ.

अर्थ काय?

रीकन्स्ट्रक्ट हे इंग्रजी क्रियापद आहे. ‘री’ म्हणजे पुन्हा आणि ‘कन्स्ट्रक्ट’ म्हणजे बांधणे, रचणे. भूतकाळी रूप रीकन्स्ट्रक्टेड आणि नाम रीकन्स्ट्रक्शन. या क्रियापदाचे मुख्य अर्थ दोन:

1. पडलेली किंवा पाडलेली वस्तू पुन्हा उभी करणे, म्हणजे पुनर्बांधणी.
उदा. ‘दे रीकन्स्ट्रक्टेड द ब्रिज.’ – त्यांनी पूल पुन्हा बांधला.

2. पुरावे जुळवून घडलेली गोष्ट समोर उभी करणे.
उदा. ‘द पोलीस रीकन्स्ट्रक्टेड द क्राइम.’ – गुन्हा कसा घडला, याचा क्रम पोलिसांनी जुळवला.

गोंधळ कुठे होतो?

मराठीत आपण डागडुजीलाही ‘जीर्णोद्धार’ म्हणतो आणि नव्याने बांधण्यालाही. इंग्रजीत मात्र प्रत्येक कामाला वेगळा शब्द आहे:

- रिपेअर: बिघडलेले दुरुस्त करणे. उदा. गळके छत.
- रेनोव्हेट: जुन्या वास्तूला नवे रूप देणे. उदा. जुन्या घरात नवी फरशी, नवे स्वयंपाकघर.
- रिस्टोअर: मूळ रूप परत आणणे. उदा. निखळलेला दगड ओळखून त्याच जागी बसवणे.
- रीकन्स्ट्रक्ट: वास्तू पुन्हा बांधणे.

नाशिक जिल्ह्यातच दोन चांगली उदाहरणे आहेत. त्र्यंबकेश्वरचे आजचे मंदिर 18व्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी जुन्या मंदिराच्या जागी बांधले. तिथे रीकन्स्ट्रक्ट किंवा रीबिल्ड हा शब्द चालतो. गोंदेश्वर मात्र यादवकालीन, भूमिज शैलीतले शिवपंचायतन आहे. मधोमध शिवमंदिर आणि चार कोपऱ्यांत चार छोटी मंदिरे. झीज झाली असली तरी मंदिर उभे आहे. म्हणून त्याच्यासाठी ‘कॉन्झर्व्ह’ म्हणजे जतन करणे किंवा ‘रिस्टोअर’ हे शब्द योग्य. ते रीकन्स्ट्रक्ट करायचे म्हटले, तर मूळ कोरीवकाम जाऊन त्याच्या जागी आजचे काम येईल.

कायद्यात हा शब्द का महत्त्वाचा?

गोंदेश्वर हे केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकांना 1958 चा प्राचीन स्मारके कायदा लागू होतो. 2010 च्या दुरुस्तीनंतर संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे आणखी 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असते.

समजा, कोणाचे जुने घर या 100 मीटरच्या आत आहे. मालक म्हणतो, ‘घर पाडून तेवढेच बांधतो, एक फूटही वाढवत नाही. मग हे नवे बांधकाम कसे?’ पण तेवढीच लांबी-रुंदी आणि तेवढीच उंची ठेवून पुन्हा बांधणे, हीच कायद्यातली ‘रीकन्स्ट्रक्शन’ची व्याख्या आहे आणि प्रतिबंधित क्षेत्रात त्याला परवानगी नाही.

‘रिपेअर अँड रेनोव्हेशन’ला मात्र वाट आहे. घर 16 जून 1992 पूर्वीचे असेल किंवा नंतर रीतसर मंजुरीने बांधलेले असेल, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. नियंत्रित क्षेत्रात परवानगी घेऊन पुनर्बांधणीही करता येते. म्हणजे अर्जात कोणता शब्द लिहिला आणि प्रत्यक्षात कोणते काम केले, यावर सगळे अवलंबून असते.

वापरताना लक्षात ठेवा

- ‘रीकन्स्ट्रक्ट अगेन’ लिहू नका. ‘री’मध्येच ‘पुन्हा’ आले.
- घराला रंग दिला, फरशी बदलली, तर ‘रेनोव्हेटेड’ लिहा.
- ‘जीर्णोद्धार’चे इंग्रजी करताना आधी विचारा: वास्तू उभी आहे, की नव्याने बांधायची आहे? उभी असेल तर ‘रिस्टोअर’, नव्याने बांधायची असेल तर ‘रीकन्स्ट्रक्ट’.

पुढच्या वेळी गोंदेश्वराच्या फोटोखाली लिहायचे असेल, तर ‘प्लीज कॉन्झर्व्ह धिस टेम्पल’ असे लिहा. मागणीही बरोबर आणि शब्दही.