बंद तंबूंतील रोपवाटिका आणि थंडाव्याचा हिशेब

ऐन उन्हाळ्यांत पुण्याच्या बाजारांत लेट्यूससारख्या थंड हवेच्या भाजीस गिर्‍हाईक असतें, परंतु लावणीस रोप मिळत नाहीं, ही अडचण आपल्या अनेक सभासदांस ठाऊक आहे. या पिकाचें बीं सुमारें 15 ते 22 अंश सेल्सिअस उष्णमानांत उत्तम उगवतें; उष्णमान 30 अंशांच्या वर गेलें कीं बहुतेक जातींचें बीं निद्रिस्त होऊन पडून राहतें. म्हणून घरांतील एखाद्या खोलींत चकाकत्या अस्तराचा लहान तंबू उभारावा, वर एलईडी दिवा टांगावा, वातानुकूलन यंत्र म्हणजे एसी लावावें व बारा महिने रोपें काढावीं, असा विचार हल्लीं पुष्कळांच्या मनांत येतो. विचार चांगला आहे. परंतु यांत पैसा दोनदां बुडण्याचा संभव असतो : एकदां चुकीचें यंत्र घेतांना आणि पुन्हां विजेचें बिल भरतांना. प्रस्तुत लेखकानें हे दोन्ही अनुभव घेतले आहेत.

पहिल्या वर्षीं आम्हीं 4 फूट लांब, 4 फूट रुंद व साडेसहा फूट उंच असा तंबू घेतला. त्यांत 300 वॅटचा दिवा व 30 वॅटचा पंखा लावला. चाकांवर फिरणारें, एकच नळी असलेलें एसी यंत्र तंबूच्या आंतच ठेवलें व त्याची नळी खिडकीबाहेर सोडली. यंत्र सुरू होतांच तंबूच्या भिंती आंत ओढल्या गेल्या. परंतु त्याचें मर्म तेव्हां ध्यानांत आलें नाहीं. यंत्र दिवसभर धडधडत राहिलें आणि आंतील उष्णमान कांहीं केल्या 31 अंशांखालीं उतरेना. सहा प्रोट्रेंत टाकलेल्या 588 बियांपैकीं शंभरही उगवल्या नाहींत. ज्या शेजार्‍यानें आमच्या रोपांवर भिस्त ठेवून वाफे तयार केले होते, त्याचे वाफे तसेच पडून राहिले. त्याची भरपाई पैशानें होण्यासारखी नव्हती.

चुकीचें कारण एका वाक्यांत सांगतां येईल. यंत्र उष्णता नाहींशी करीत नाहीं. तें ती एका जागेवरून उचलून दुसर्‍या जागीं टाकतें. तेव्हां 'यंत्र किती टनांचें?' या प्रश्नाच्या आधीं 'उष्णता कोठून येते व कोठें जाते?' हा प्रश्न विचारला पाहिजे. एका नळीचें यंत्र आपला तप्त भाग निवविण्यास तंबूंतीलच हवा घेतें व ती बाहेर फेंकतें. जेवढी हवा बाहेर गेली, तेवढीच खोलींतील तापलेली हवा चेनींतून व शिवणींतून आंत शिरते. आमच्या तंबूंतील हवा अशी मिनिटा-दोन मिनिटांत पार बदलत होती. म्हणजे एका हातानें पाणी उपसावें व दुसर्‍या हातानें ओतावें, असा तो प्रकार झाला.

आतां हिशेब पाहूं. दिवा व पंखा यांनीं घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णताच होते. ती झाली 330 वॅट. तंबूचें सर्व बाजूंचें कापड मिळून सुमारें साडेबारा चौरस मीटर भरतें. पातळ कापडांतून दर चौरस मीटरास, उष्णमानांतील दर अंशाच्या फरकास, सुमारें 4 वॅट उष्णता आंत येते असें धरावें. खोली 36 अंश व तंबू 22 अंश असल्यास हा फरक 14 अंशांचा. म्हणजे नुसत्या कापडांतून 700 वॅट! दिव्याच्या दुपटीहून अधिक ताप भिंतींतून येतो, हें आमच्या स्वप्नींही नव्हतें.

एक टन म्हणजे 2,000 पौंड बर्फ 24 तासांत वितळतांना जेवढी उष्णता शोषील, तेवढी ओढून काढण्याची शक्ति. ती सुमारें 3,500 वॅट भरते. तंबूस लागणारी शक्ति तिच्या तिसर्‍या हिश्श्याइतकीही नाहीं. तंबूंत फार मोठें यंत्र लावल्यास हवा क्षणांत गार होऊन यंत्र थांबतें, पुन्हां सुरू होतें, आणि हवेंतील ओल मात्र काढीत नाहीं.

यावर आम्हांस सांपडलेला मार्ग असा : तंबू थंड न करतां खोली थंड करावी. खोली लहान व उत्तरेकडील असावी, उन्हाच्या भिंतीस व छतास थर्मोकोल लावावें, आणि ज्याचा तप्त भाग घराबाहेर राहतो असें स्प्लिट यंत्र बसवावें. तंबूच्या खालच्या झरोक्यांतून गार हवा आंत यावी व वरून पंख्यानें खोलींत बाहेर पडावी. खोली 20 अंशांवर ठेवल्यास तंबूंत 23 ते 24 अंश राहतात. बीं उगवेपर्यंत ट्रे खोलींतच ठेवून मग तंबूंत न्यावे. या मांडणीचा दुसराही लाभ आहे. हवेच्या दर दहा लक्ष भागांत कर्बद्विप्राणिल वायु आज सुमारें 420 भाग आहे. तंबू घट्ट मिटल्यास रोपें तो थोड्याच वेळांत कमी करतात व त्यांची वाढ खुंटते. तंबूनें खोलीची हवा घेतली व खोलीचें दार अधूनमधून उघडलें, म्हणजे ही उपासमार टळते.

वाळ्याचे पडदे किंवा कूलर बंद जागेंत उपयोगाचे नाहींत. वारा आरपार वाहत असेल तेथेंच ते गुण देतात; कोंडलेल्या हवेंत ते उष्णतेची फक्त वाफ करतात. रोपेंही तेंच करतात. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारें 0.68 युनिट उष्णता लागते, आणि ती वाफ शेवटीं यंत्रासच काढावी लागते. दिवा मालवला कीं उष्णमान उतरतें, यंत्र थांबतें, आणि उरलेली वाफ दंव होऊन पानांवर बसते. रोपें बुडाशीं कुजून कोलमडण्याचा रोग अशाच ओलीवर फोफावतो. म्हणून पाणी दिवा लागण्याच्या वेळीं द्यावें, मालवण्यापूर्वीं देऊं नये. व आंतील पंखा अंधारांतही चालूं ठेवावा.

शेवटची गोष्ट खर्चाची. 300 वॅटचा दिवा 16 तास जळल्यास 4.8 युनिटें लागतात. एक भाग विजेंत तीन भाग उष्णता काढणारें यंत्र असलें, तरी तेवढीच उष्णता बाहेर टाकण्यास आणखी 1.6 युनिटें हवींत. भिंतींचा ताप निराळाच. म्हणून दिव्याचा दिवस रात्रीं करावा. सायंकाळीं सहास दिवा लावून सकाळीं दहास मालवावा. दुपारच्या उन्हाचा व दिव्याचा ताप मग एकाच वेळीं यंत्रावर पडत नाहीं.

दुसर्‍या वर्षीं या रीतीनें तेवढ्याच 588 बियांपैकीं पांचशेंहून अधिक उगवल्या, व शेजार्‍याचे वाफे वेळेवर भरले. तरीही ज्यांस वर्षाकांठीं दोन-चार ट्रेच लागतात, त्यांनीं हा खटाटोप करूं नये. थंड प्रदेशांतील रोपवाटिकेंतून रोपें आणणें त्यांस स्वस्त पडेल. ज्यांस करावयाचेंच आहे, त्यांनीं यंत्र घेण्यापूर्वीं एक थर्मामीटर घेऊन खोलींत आठ दिवस ठेवावा, दुपारचें व पहांटेचें उष्णमान टिपावें, आणि वरील हिशेब कागदावर मांडून मगच पैशाच्या थैलीस हात घालावा.