मुरमात घडलेले धोंडे

मुंबईहून हैदराबादला रेल्वेने येणाऱ्याला खिडकीतून भूगर्भशास्त्राचा निम्मा अभ्यासक्रम फुकटात शिकायला मिळतो, फक्त रात्रीची गाडी घेऊ नये. बोरघाटापासून सोलापूरच्याही पुढे आपला ओळखीचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट. वाडीच्या आसपास चुनखडक लागतो, आपल्या घरोघरी पायाखाली असलेली शहाबादी फरशी ती हीच. विकाराबादजवळ अनंतगिरीच्या टेकड्यांवर बेसाल्ट आणि जांभा पुन्हा एकदा डोके वर काढतात. आणि लिंगमपल्ली ओलांडली की सगळा नूरच पालटतो. सह्याद्रीसारखे सपाट माथे नाहीत, पायऱ्यापायऱ्यांचे कडे नाहीत. करड्या-गुलाबी गोल धोंड्यांचे ढीग, त्यांवर आणखी धोंडे, आणि एखादा असा टेकलेला की आत्ता पडेल.

हे रचले कोणी, असा प्रश्न पहिल्यांदा पाहणारा प्रत्येकजण विचारतो. नदीने गोटे घडवले, भूकंपाने ढीग लावले, असे तर्कही ऐकू येतात. नदीने धोंडे गोल होतात हे खरे, पण ते नदीपात्रात. इथे ते टेकडीच्या माथ्यावर आहेत. खरे उत्तर जरा उलटे आहे. हे धोंडे कुठून आलेले नाहीत, घरंगळलेलेही नाहीत. ते आहेत तिथेच आहेत, गेले ते त्यांच्या भोवतालचे.

हा खडक सुमारे 250 कोटी वर्षांचा. दख्खनचा बेसाल्ट साडेसहा कोटींच्या आसपासचा, म्हणजे याच्यापुढे अगदी कालचा. तो भूपृष्ठावर लाव्हा पसरून थिजला, तर हैदराबादचा ग्रॅनाइट जमिनीखाली कित्येक किलोमीटरवर, सावकाश निवला. सावकाश निवल्यामुळे त्याचे स्फटिक मोठे झाले. खाजागुड्याच्या टेकडीवर एखाद्या धोंड्याला हात लावून पाहा: गुलाबी दाणे फेल्डस्पारचे, काचेसारखे करडे गारगोटीचे, काळे चमकते ठिपके अभ्रकाचे. पुढचे सगळे नाट्य यातल्या फेल्डस्पारवर बेतलेले आहे.

वरचे थर कोट्यवधी वर्षांत झिजून गेले, तसा खालच्या खडकावरचा भार उतरला. दाब सुटलेला खडक फुगतो आणि पृष्ठभागाला समांतर तडकतो. त्यात उभ्या भेगांची भर पडली आणि अखंड खडकाचे जमिनीच्या आतच मोठमोठे चौकोनी ठोकळे झाले. पावसाचे पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन या भेगांत उतरते. ते आम्ल अगदी सौम्य, पण त्याला घाई नसते. फेल्डस्पारची हळूहळू चिकणमाती होते, गारगोटी तशीच वाळू म्हणून उरते आणि खडकाचा मुरूम होतो. ठोकळ्याच्या सपाट बाजूवर पाण्याचा मारा एकाच दिशेने, कडेवर दोन दिशांनी, कोपऱ्यावर तीन. तोंडात धरलेल्या खडीसाखरेचे कोपरे आधी जातात, तसेच इथेही होते. चौकोनी ठोकळा मुरमाच्या पोटात गोल होत जातो.

मग दुसरा अंक. पाऊस मुरूम धुऊन नेतो आणि आतले गोल गाभे उघडे पडतात. खालचा मुरूम गेला की वरचा धोंडा अलगद खालच्यावर बसतो, त्यामुळे मूळच्या थरांचा क्रम बहुधा तसाच राहतो. आधी जमिनीखाली कुजणे आणि मग वर उघडे पडणे, अशी ही दोन टप्प्यांची मांडणी इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या ग्रॅनाइटवरून डेव्हिड लिंटन यांनी 1955 मध्ये केली. डार्टमूरला थंडीचे वळण आहे, इथे मोसमी पावसाचे. पण पाणी आणि फेल्डस्पार यांचे वैर दोन्हीकडे तेच. उघडा पडल्यावरही धोंडा सुटत नाही. त्याचे पापुद्रे निघत राहतात. धुऊन गेलेली वाळू-माती मुसी नदीत, मुसीतून कृष्णेत आणि तिथून बंगालच्या उपसागरात जाते.

मराठी वाचकाला हे परके वाटायचे कारण नाही. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट उघडाच आहे. कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल विंधणविवरे घेतली, तेव्हा नऊशेहून अधिक मीटर बेसाल्ट भेदल्यावर ग्रॅनाइटच्याच जातकुळीचा प्राचीन खडक लागला. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी त्यावर काळे पांघरूण आहे, एवढेच.

हैदराबादने हे धोंडे वापरले मात्र पुरेपूर. गोवळकोंड्याच्या तटाने वाटेत आलेले अजस्र धोंडे हलवले नाहीत, भिंतीतच सामावून घेतले. किल्ल्याच्या माथ्यावरच्या बाला हिसारला चढताना दगड कुठे संपतो आणि बांधकाम कुठे सुरू होते ते पाहत चढावे. अखंड ग्रॅनाइटमध्ये पाणी मुरत नाही, ते फक्त भेगांत आणि मुरमात साठते. म्हणून टेकड्यांमधल्या खोलगट जागांना बांध घालून तलाव केले गेले. दुर्गम चेरुवूचे पाणी एकेकाळी गोवळकोंड्याला जात असे.

आता धोंडे जातात ते घणाने आणि सुरुंगाने. जुन्या फोडलेल्या दगडाच्या कडेला बोटभर खोबणींची रांग दिसते: छिन्नीने खाचा पाडायच्या, पाचर ठोकायची, वर सुतकीचे घाव घालायचे. दगड सरळ रेषेत उकलतो. 1996 मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी टू सेव्ह रॉक्स’ने अशा शिळा वाचवण्यासाठी आवाज उठवला आणि काहींना वारसा म्हणून नियमाचे संरक्षण मिळाले. हैदराबाद विद्यापीठाच्या आवारातला ‘मशरूम रॉक’ त्यांपैकीच. 2025 मध्ये विद्यापीठालगतच्या कांचा गच्चीबावलीच्या 400 एकरांवरून वाद पेटला आणि एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथली तोड थांबवली. चर्चा जंगलाची, मोरांची, हरणांची झाली. ती व्हायलाच हवी होती. पण दगडांची बाजू मांडणारे थोडे. माझ्या मते त्यांचीच बाजू जास्त निकडीची, कारण जंगल वाढण्याचा काळ माणसाच्या पिढ्यांत मोजता येतो.

गच्चीबावली-कोंडापूरकडे नव्या इमारतीचा पाया खणलेला दिसला तर पत्र्याच्या फटीतून जरूर डोकावावे. पिवळट तांबूस मुरमात अर्धवट गोल झालेले धोंडे रुतलेले दिसतात, कोपरे नुकतेच बोथट झालेले, भोवती कुजक्या खडकाचे पापुद्रे. उघडे पडायला त्यांना अजून लाखो वर्षे लागली असती. पोकलेन ते आठवडाभरात वर काढते, क्रशरमध्ये त्यांची खडी होते आणि ती काँक्रीटमध्ये जाते.