उन्हाळ्यात संगणक का तापतो, पंखा का ओरडतो?



मे महिन्यात आपल्या बालाघाटात पारा ४२-४३ अंशांवर जातो. मुलांचे निकाल आणि प्रवेशाचे फॉर्मही याच दिवसांत असतात. घरचा संगणक घोंघावतो, काम मंदावते आणि ‘प्रोसेसर गेला, नवा टाका’ असा सल्ला मिळतो. पैसे खर्च करण्याआधी हे वाचा.

प्रोसेसरची उष्णता हीटसिंक नावाच्या धातूच्या पात्यांत जाते आणि पंखा ती हवेत सोडतो. म्हणून प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. खोली २५ वरून ४० अंशांवर गेली की आतले तापमानही साधारण १५ अंशांनी चढते. हा बिघाड नव्हे.

हीटसिंक बहुधा ॲल्युमिनियमचे असते. चांगल्यात तांबेही असते. आपल्याच जिल्ह्यातल्या मलाजखंडच्या खाणीतून निघते तेच तांबे! ते ॲल्युमिनियमच्या सुमारे १.७ पट वेगाने उष्णता वाहून नेते.

‘कोअर टेम्प’सारखा मोफत प्रोग्राम तापमान दाखवतो. साध्या कामात ४० ते ६० आणि जड कामात ८५ अंशांपर्यंत असेल, तर काळजी नको. अलीकडच्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९० ते १०० अंश असते. तिथे पोचल्यावर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. तरीही तापला तर संगणक बंद पडतो. साध्या कामातच ८५ च्या वर जात असेल, तर मात्र उपाय हवा.

आधी स्वस्त उपाय करा:

• संगणक बंद करून, प्लग काढून, मऊ ब्रशने धूळ झाडा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.
• संगणक भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. लॅपटॉप गादीवर ठेवू नका. खालची हवा अडते.
• पाण्याच्या कूलरचा झोत थेट संगणकावर नको. ओलावा आणि धूळ दोन्ही आत जातात.
• जुन्या संगणकात प्रोसेसर आणि हीटसिंकमधली पेस्ट सुकते. जाणकाराकडून ती बदलून घ्या.

आवाज कमी करायचा असेल, तर मोठा पंखा बसवा. १२० मिलिमीटरचा पंखा ८० मिलिमीटरच्या पंख्याइतकीच हवा कमी फेऱ्यांत ढकलतो, म्हणून शांत चालतो. बायोसमध्ये पंख्याचा वेग हळूहळू वाढेल असेही ठरवता येते.

दुकानात जाण्याआधी धूळ झाडण्यापूर्वीचे आणि नंतरचे तापमान कागदावर लिहून न्या. पुष्कळदा त्या दोन आकड्यांतच नवा प्रोसेसर वाचतो.