डिंभ्याच्या जाळ्याचा आस

ट्राउट धरायला निघालेल्या नवख्यापुढे पहिला पेच असतो तो पाण्यावर तरंगणाऱ्या पिसांच्या माशीचा. कोणती घ्यायची, केवढ्या गळाची? काश्मीरच्या गार ओढ्यांवर तो पेच खरा. पुणे जिल्ह्यातल्या घोड-कुकडी नद्यांचं पाणी उन्हाळ्यात तापतं, तिथे ट्राउट तगायचाच नाही. पण घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या काठावरही नवख्यांपुढे असाच पेच आला होता, आणि तिथे पोटाचा प्रश्न होता.

2000च्या सुमारास धरण भरलं, जुनं आंबेगाव पाण्याखाली गेलं. काठावरचे महादेव कोळी नावाने कोळी, पण मूळचे डोंगरात भातशेती करणारे. मासेमारी म्हणजे पहिल्या पावसात खाचरात चढणारे मासे धरायचे, नाहीतर ओढ्यात गळ टाकून बसायचं. साडेतेरा टीएमसी पाण्यापुढे हे कसब तोकडंच. ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीने आदिवासींची मच्छीमार सोसायटी उभी राहिली, होड्या आणि जाळी आली.

मग शिकायचं होतं ते आसाचं, म्हणजे जाळ्याच्या एकेका घराच्या मापाचं गणित. मासा जाळ्यात डोकं घालतो, अंग पुढे जात नाही, मागे सरकला की दोरा कल्ल्यात रुततो. आस मोठा असेल तर लहान मासा पार होतो. बारीक असेल तर पुढच्या वर्षी किलोभर झाला असता तो कटला आजच टोपलीत येतो, आणि त्याला भावही धड मिळत नाही.

माझ्या मते खरी हुशारी मत्स्यबीजात, म्हणजे सोडायच्या पिल्लांत दिसली. रोहू, कटला, मृगळ यांना विणीसाठी पुराची वाहती नदी लागते; साचलेल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही. म्हणून बीज दरसाल सोडावं लागतं, आणि अगदी बारीक सोडलं तर ते मरळीसारख्या शिकारी माशांच्या पोटात जातं. मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या मदतीने जलाशयातच तरंगते पिंजरे बसले. पिंजऱ्यात बीज बोटुकलीएवढं वाढवायचं, मगच मोकळ्या पाण्यात सोडायचं. 2012 साली ‘शाश्वत’ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

चिलापी मात्र हे गणित बिघडवते. ती साचलेल्या पाण्यात आपसूक विते, बीजाचा खर्च नाही, पण आकाराने लहान. तिच्यासाठी आस बारीक करावा, तर त्याच जाळ्यात रोहूची पोरं येतात. माणिकडोह धरण असो की वडज, जिथे चिलापी आहे तिथे आस ठरवताना हा वाद निघणारच.